काचेतला समुद्र आणि तांब्याचा गुंड

गडचांदूरला मे महिन्यात बाया पत्र्यावर कुरडया वाळत घालतात आणि तळलेल्याच उतरवतात. तेल तेवढं वाचतं. अशा गावात लहानूभाऊंनी घरात समुद्र पाळला होता असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस हसतो. हसू द्या. जाणते लोक म्हणतात, इथला चुनखडक म्हणजे जुन्या समुद्राचा तळच. म्हणजे समुद्र मूळचा इथलाच रहिवासी, लहानूभाऊंनी त्याला फक्त परत खोली दिली. चार फुटांची, काचेची, कूलरच्या झोतात.

त्या खोलीत दोन पट्टेरी मासे होते, मूठभर गोगलगाई होत्या, आणि मधोमध एक मऊ कोरल. पावसाळ्यात वारुळावर सात्या, म्हणजे अळंबी, उगवतात ना, थेट तसं. वर पिवळसर छत्री आणि छत्रीवर शेकडो बारीक बोटं. पोरगा अश्वजित मालवाहू जहाजावर नोकरीला. मागच्या सुट्टीत त्यानं मुंबईच्या दुकानातून ते चहाच्या थर्मासात घालून आणलं होतं. पंपाच्या धारेत बोटं डुलली की त्याची आई कमलाबाई म्हणायच्या, "पाहा, पोरगा हात हालवून राह्यला."

अश्वजितचा फोन दर रविवारी यायचा. एक रविवार कोरडा गेला. त्याचा नंबर लागेना. जहाज रेंजमधे नसेल, असं दोघं एकमेकांना समजावत राहिले. गुरुवारी कोरलनं बोटं आत ओढून घेतली. दुसराही रविवार कोरडा गेला, आणि कमलाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की हे उघडेल त्या दिवशी फोन येईल. त्यांचं जेवण दोन घास भातावर आलं.

"तेहतीस कोटी सोडले आपल्या बापांनी छप्पन साली," लहानूभाऊ म्हणाले, "आन् तू एक काचेत घालून बसली."

"मी काय हात जोडले का? नुसती पाहून राह्यली."

पण त्या ज्या तऱ्हेनं पाहत, ते लहानूभाऊंना हात जोडण्यापेक्षा वाईट वाटे. कोरल मेलं तर ही बाई काय समजेल, ते सांगायला जोतिषी नको होता.

तीस वर्षं त्यांनी सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले होते. नीट विचारलं तर धोंडाही खरं बोलतो, असं ते सांगत. आधी त्यांना वाटलं, कोरल कात टाकतंय. हे जनावर मधूनमधून मेणचट साल सोडतं आणि चार दिवस मिटून बसतं. चार दिवस झाले. साल सुटली नाही, उलट छत्रीचा काठ काळा पडून वास मारू लागला. मग त्यांनी खारेपणा पाहिला, चुना पाहिला, नायट्रेट पाहिलं, पाण्याची उष्णता पाहिली. सारं जागच्या जागी. रोज डायरीचं पहिलं पान उलटून ते पुढच्या पानावर आकडे लिहीत. पहिलं पान मात्र ते भराभर उलटत.

बुधवारी गोगलगाई उलट्या पडलेल्या दिसल्या. मासे मजेत, गोगलगाई मेलेल्या. त्यांनी नागपूरच्या दुकानदाराला, अजयला, फोन लावला.

"तांबं हाये, भाऊ," अजय म्हणाला. "माशाले थोडं चालते, बाकीच्यायले नाई. मी बसनं तांबं ओढणारी गादी पाठवतो. पांढरी हाये. पंपापाशी ठेवा. तांबं असन त निळी पडन."

गादी आली आणि दोन दिवसांत मोरचुदासारखी निळी झाली. लहानूभाऊंनी पंप उघडला, तारा पाहिल्या, लोहचुंबक पाहिलं. तांबं कुठंच नव्हतं.

तिसरा रविवारही कोरडा गेला. सोमवारी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर उठले, तर कमलाबाई पाण्यानं भरलेला गुंड कडेवर घेऊन काचेपाशी उभ्या. माहेरचा, वरोऱ्याहून आलेला, चिंचेनं घासून लख्ख केलेला तांब्याचा गुंड. कूलरच्या वाऱ्यानं समुद्र रोज सहा लिटर आटायचा, तेवढं फिल्टरचं पाणी वरून घालावं लागे. ते काम लहानूभाऊंचं, प्लास्टिकच्या कॅननं. पहिला रविवार कोरडा गेल्यापासून ते बाईंनी मागून घेतलं होतं. फिल्टरच्या पाण्यात जीव नसतो, म्हणून त्या ते रातभर गुंडात मुरवत. अर्धं गाव तांब्यातलंच पाणी पितं, अंगाला लागतं म्हणून. आणि ज्या पाण्यात काहीच उरलेलं नसतं ते धातूला सगळ्यात आधी चाटतं, हे लहानूभाऊंना ठाऊक होतं.

सांगावं, तर बाई ऐकणार की पोराला मीच मारलं. न सांगावं, तर उद्या आणखी सहा लिटर. बाई आंघोळीला गेल्यावर त्यांनी खिळा आणि हातोडी घेतली.

"कमला, उंदरानं गुंड फोडला ना. कारखान्यातला असन. सिमेंट खाऊन खाऊन दात पक्के झाले त्यायचे. मागं एकानं आमच्या साहेबाच्या जीपचा..."

कमलाबाईंनी गुंड पालथा केला. भोकावर बोट फिरवलं.

"उंदीर हातोडी घेऊन आला होता का?"

लहानूभाऊंच्या पोटात गोष्टींची कोठी भरलेली असायची, आज त्यांनी खिशातला खिळा काढून बाईंपुढं ठेवला.

"माह्या पाण्यानं होऊन राह्यलं काय हे?"

"हो. तांब्यानं. तुले काय मालूम? मलेच पंधरा दिवस सुचलं नाई."

बाई रडल्या नाहीत. गुंड त्यांनी हळूच भिंतीशी टेकवला. "वाचते का आता?"

सडका भाग कापायचा, उरलेला आयोडीनमधे बुडवायचा, दगडाला बांधायचा, पाणी बदलत राहायचं. बाईंनी कोरल तळहातावर धरलं, लहानूभाऊंनी पात्यानं कापलं. शेंबडासारखा चिकट स्राव बोटांवरून ओघळला. अर्ध्या लिंबाएवढा तुकडा उरला. तो बाईंनी शिवणाच्या दोऱ्यानं दगडाला बांधला.

"बोटं कधी उघडन?"

"आठ दिवसानं. पंधरा. नाई बी उघडन."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. "मंग याच्या भरवशावर काऊन बसाचं? कंपनीच्या ऑफिसचा नंबर तुमच्या डायरीत हाये ना?"

होता. पहिल्याच पानावर, अश्वजितच्या अक्षरात.

"मी भेत होती, म्हणून याले इचारत होती," कमलाबाई म्हणाल्या. "अश्वजितचे बाबा, तुमी पाण्याले काय इचारत होते?"

लहानूभाऊंनी डायरी काढून दिली. नंबर बाईंनीच दाबला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. पलीकडे घंटी वाजू लागली. काचेत दोऱ्यानं आवळलेला तुकडा मिटून बसला होता. त्याच्याकडे आता कोणीच पाहत नव्हतं.

तिसऱ्या घंटीला कोणीतरी फोन उचलला.

"मी अश्वजितची आई बोलून राह्यली," कमलाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी लहानूभाऊंचं मनगट घट्ट धरलं.