मामाच्या पंख्याची पिन

इनोसीच्या मते कांदावू बेटावर माणसं दोनच प्रकारची होती. एक तो स्वतः, आणि बाकीचे सगळे खिळेवाले.

बोटीच्या इंजिनाचा पंखा दांड्यावर एका नटाने बसतो. तो नट फिरू नये म्हणून त्यातून स्टीलची पिन आरपार घालून तिचे पाय दुमडतात. खाऱ्या पाण्याने पिन खाल्ली की गावातले लोक तिच्या जागी खिळा वाकवून ठोकत आणि देवाचं नाव घेऊन निघत. असा खिळा दिसला की इनोसी वाळूत थुंकायचा. तो स्वतः दर सोमवारी पंखा उतरवायचा, दांडा पुसून ग्रीस लावायचा, वायसर उलटसुलट करून बघायचा आणि नवीकोरी पिन घालायचा. हे सगळं भर किनाऱ्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसेल असं. कोणी थबकलं तर म्हणायचा, "बघून ठेव. जमणार नाही तुला, पण बघून ठेव."

खिळेवाल्यांत त्याच्या सगळ्यात जास्त डोक्यात जायचा तो साकेआसी, सख्ख्या बहिणीचा मुलगा. हा पलीकडच्या खाडीतल्या हॉटेलची बोट चालवायचा आणि काळा चष्मा लावून पाहुण्यांकडून कॅप्टन म्हणवून घ्यायचा. वर तो वासू. म्हणजे मामाच्या घरातली कुठलीही वस्तू न विचारता उचलायचा हक्क असलेला भाचा. मामाने हूं की चूं करायचं नाही, आणि परत मागायची तर सोयच नाही. मागितली की गावभर छी-थू. मागे साकेने इनोसीचा जादाचा पंखा नेला होता, त्याआधी चांगलं पोसलेलं डुक्कर. दोन्ही वेळा इनोसी दात काढून "ने रे, तुझंच आहे" म्हणाला होता, आणि मग घरातल्यांवर खेकसत बसला होता.

त्या दिवशी त्याच्या मुलीला, तितिलियाला, बोटीने वुनिसेआला जाऊन तिथून सुटणारं विमान गाठायचं होतं. राजधानीत, सुवाच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली होती. हे विमान चुकलं तर पुढचं पुढच्या आठवड्यात, आणि तोवर तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली असती.

"बाबा," पेटी बोटीत ठेवता ठेवता ती म्हणाली, "मघाशी साके आपल्या इंजिनापाशी वाकला होता. पिन एकदा बघून घ्या."

"काल या हातांनी घातलीय."

"काल होती. आज बघा."

"त्या माकडाला पक्कड कुठून धरायची ते कळत नाही. तो काय पिन काढतोय!"

"मग मी बघू?"

"तू सुया टोचायला शिक. इंजिनाला हात लावायचा नाही."

"अहो, वाकून बघायला काय जातंय?" निरोप द्यायला पाण्यात उभी असलेली त्याची बायको लुसियाना म्हणाली.

बरंच काही जात होतं. वाकून बघायचं म्हणजे त्या माकडाला पिन काढता येते हे कबूल करायचं. इनोसीने इंजिन पाण्यात सोडलं आणि दोरी ओढली.

प्रवाळाच्या भिंतीतून बाहेर पडायच्या फटीत बाजूने लाट आली आणि बोट खडकावर जाऊ लागली. इनोसीने झटकन उलटा गिअर टाकला. खाडकन आवाज झाला, इंजिन मोकाट किंचाळू लागलं आणि बोट जागची हलेना. त्याने आधी नांगर टाकला. सुदैवाने तो धरला. मग इंजिन वर उचललं. पंखा नाही, नट नाही, नुसता उघडा दांडा, आणि त्याच्या भोकात तांब्याच्या तारेचा तुटका तुकडा.

इनोसी त्या तुकड्याकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने हॉटेलची बोट आली. साके पाहुणे आणायला वुनिसेआलाच निघाला होता.

"काय मामा, का थांबलात?"

"मासे मोजतोय."

मामेबहिणीने आतेभावाला वाटेल ते बोलावं अशी तिथली रीतच आहे. इनोसीला जे विचारायची सोय नव्हती, ते तितिलियाने बोलून टाकलं. "ए चष्मेवाल्या चोरा, आमची पिन काढलीस ना?"

"काढली. माझी मोडली होती," साके म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "म्हणून तर तार घातली, मोकळं नाही सोडलं. म्हटलं, मामा निघायच्या आधी बघतीलच. सगळ्या बेटाला तेच तर शिकवतात."

इनोसी दातओठ खात नांगराची दोरी उगीचच घट्ट करत राहिला.

"चला, दोर टाका, ओढून नेतो."

"ओढत गेलास तर विमान जाईल," तितिलिया म्हणाली. "मला घे. बाबांना येताना ने."

ती पेटीसकट पलीकडे चढली. बसायच्या आधी तिने साकेला बाजूला केलं, इंजिन वर उचललं, पंखा हलवून बघितला आणि पिनचे दुमडलेले पाय अंगठ्याने दाबले. हे सगळं ती कुठे शिकली, हे इनोसीला कळायला वेळ लागला नाही. भर किनाऱ्यावर तोच तर सगळ्यांना दाखवत होता. मुलगी बघतेय एवढंच त्याने कधी बघितलं नव्हतं.

"नीट आहे ना?" त्याने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"आहे." मग ती शांतपणे म्हणाली, "बाबा, साकेने डुक्कर नेलं तर त्याला 'ने' म्हणालात. मी नुसतं वाकून बघा म्हटलं होतं."

साकेने बोट वळवली. ती मागे वळून बघेल म्हणून इनोसी उभा राहिला, आणि तिने बघितलं तेव्हा त्याला मान वर करायची लाज वाटली.