तुरटीचा हात

दुपारची सामसूम होती. दोरीवरचे पटके वाळत होते, चाँदबी बाजेवर लवंडली होती, आणि मेहमुदाच्या हातून तांब्या निसटून फरशीवर ठणठणत गेला. घरंगळत न्हाणीच्या तोंडाशी जाऊन थांबला. मेहमुदा भिंतीला धरून अर्धी वाकली आणि तिथंच अडकली. कमरेतून निघालेली कळ डाव्या पोटरीपर्यंत उतरली होती.

"पडला तर उचल की," चाँदबी डोळे न उघडताच म्हणाली.

"उचलते, फुफी."

चाँदबी तिची सासू होती आणि सख्खी आत्याही. सासू म्हणून रागवावं तर आत्याची माया आठवायची. आत्या म्हणून गळ्यात पडावं तर समोर सासू बसलेली असायची. शेवटी जरीनाच धावत आली. एवढीशी पोर, तांब्या उचलून आईला दिला आणि सवयीनं दोन्ही हात वर केले. उचलून घे म्हणून. मेहमुदानं नुसता तिच्या केसांवरून हात फिरवला. पोरीला कडेवर घेऊन किती महिने झाले, हे ती मुद्दाम आठवत नसे.

घर रंगाऱ्यांचं. पूर्वी डब्यातला जर्मन रंग पाण्यात टाकला की काम भागायचं. जर्मनीशी लढाई लागली आणि डबे यायचे बंद झाले. सासरे फक्रुद्दीन यांनी वाडवडिलांची रीत पुन्हा काढली. आधी कापड तुरटीच्या पाण्यात मुरवायचं, मग मंजिष्ठेच्या लाल मुळ्यांच्या काढ्यात उकळायचं, मग पंचगंगेवर नेऊन धुवायचं. तुरटीचं काम मेहमुदाकडं आणि तोंडावर पदर ओढून घाटावरून ओलं कापड आणायचंही तिच्याकडंच. ओल्या कापडाचं गाठोडं कसं असतं, ते ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक.

"ओझ्याला बाई लावा," असं ती गेल्या पावसाळ्यापासून सांगत होती.

"दिसत तर काय न्हाय," फक्रुद्दीन म्हणायचे. माणूस वाईट नव्हता; आजवर कुणावर हात उगारलेला नव्हता. "ताप न्हाय, सूज न्हाय, रगत न्हाय. मी कशावरनं समजू दुखतंय म्हणून? उद्या गौस म्हणंल माझीबी दुखतीया. मग मी एकट्यानंच रंगवायचं व्हय?"

गौस तिचा नवरा. असलं काही निघालं की तो काढ्याखालचा जाळ सारखा करत बसायचा.

डॉक्टर अंबादास विलायतेहून शिकून आलेले. त्यांच्या पटक्याला इथलाच रंग चढायचा. पटका न्यायला आले तेव्हा बोलण्याबोलण्यात कमरेचा विषय निघाला, तसे ते ओट्यावर टेकलेच. म्हणाले, माणसाला कळ आली की तळहाताला बारीक घाम फुटतो. डोळ्याला दिसत नाही एवढा. पण त्यानं कातड्यातून वीज सहज जाते. हाताला दोन तारा लावायच्या, विजेचा अगदी हलका झरा सोडायचा. मुंगी चावल्याइतकंही कळत नाही. दुखलं की यंत्रावरचा काटा सरकतो. कमरेच्या दुखण्याला आजवर साक्षीदार नव्हता, तो आता मिळेल.

"आणि पडद्यातल्या बाईचं तोंड बघायला नको," डॉक्टर म्हणाले. "पडद्यातून नुसता हात बाहेर आला की झालं."

फक्रुद्दीनना हे पटलं. "काटा हलला तर घाटावरच्या तानाबाईला मजुरीनं ओझ्याला लावू. दसऱ्याची गर्दी सरली तरी तिला काढायची न्हाय. माझा शब्द हाय."

मेहमुदा आत उभी राहून ऐकत होती. तिला हसू आलं आणि रडूही. आपलं म्हणणं काट्याच्या तोंडून तरी खरं ठरेल, एवढ्यावर तिनं ते दिवस काढले.

जायच्या दिवशी चाँदबी सकाळपासून तिच्या हाताच्या मागं लागली. बोटं मंजिष्ठेनं लाल झालेली, नखांत हळदीचा पिवळा.

"डागदर दुसरं काय बघणार हाय? हातच की. रंगाऱ्याची सून म्हणून नाक मुरडायला नको." तिनं लिंबू चोळलं आणि मग तुरटीचा खडा ओला करून तळहात, बोटं, पेरं, सगळं पुनःपुन्हा घासलं. बोटांवरचा लाल थोडा फिका झाला. मेहमुदाचं कातडं ताणल्यासारखं झालं. तिनं हात समोर धरला. कोरडा, सुरकुतलेला. तरी आपल्यासाठी कुणी इतका वेळ बसलंय, याचंच तिला बरं वाटत होतं.

डॉक्टरांच्या खोलीत चादरीचा आडपडदा बांधला होता. पलीकडं डॉक्टर आणि ती पेटी. अलीकडं मेहमुदा, चाँदबी आणि जरीना. फक्रुद्दीन बाहेर बाकावर बसले. चादरीखालून तिनं हात पुढं केला. तळहातावर पितळेच्या दोन गार चकत्या बांधल्या गेल्या.

"आता सावकाश पुढं वाका."

मेहमुदा वाकली. एरवी ती कळ टाळत जपून वाकायची. आज टाळली नाही. कळ येऊ दिली. डोळ्यांपुढं अंधारी आली, ओठ दातांखाली धरला, डोळ्यांतून पाणी निघालं.

"वाकलात का?"

"वाकलीय," चाँदबी म्हणाली.

"पुन्हा एकदा."

ती पुन्हा वाकली. या वेळी घशातून कण्हणं निघालंच. चाँदबीनं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

डॉक्टरांनी तारा काढल्या, घासल्या, परत लावल्या. काटा जागचा हलेना. यंत्र बिघडलं की काय म्हणून त्यांनी जरीनाला बोलावलं, तिच्या तळहाताला चकत्या लावल्या आणि नुसतं म्हणाले, "आता टाचणी टोचू का?" पोरीनं श्वास ओढला आणि काटा सर्रकन गेला. टाचणी काही टोचली नाही. लिमलेटची गोळी मिळाली.

मग त्यांनी मेहमुदाच्या तळहातावरून बोट फिरवलं. "हा हात एवढा कोरडा कसा? काय लावता?"

"तुरटीनं घासून आणलाय की, साहेब," चाँदबी अभिमानानं म्हणाली. "आणि रोजचं काम बी तुरटीचंच."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "अहो बाई, तुरटीनं घामाची तोंडं मिटतात. यंत्र बघतंय घाम आणि तुम्ही तोच बंद करून आणलात." ते चिडले नव्हते, स्वतःवरच वैतागल्यासारखे वाटले. "आजची परीक्षा धरू नका. हात तुरटीपासून लांब ठेवा, कातडं पूर्ववत होऊ दे, मग आणा. आणि तोवर ओझं उचलू नका."

बाहेर आल्यावर फक्रुद्दीननी विचारलं, "काटा हलला का?"

"न्हाय," चाँदबी म्हणाली. "पर डागदर म्हणत्यात..."

"जरीनाचा?"

"तिचा हलला."

"मग यंत्र चालतंय की," म्हणून ते पुढं चालू लागले.

घरी येऊन मेहमुदानं पहिल्यांदाच त्यांचं बोलणं खोडलं. "फुफा, तुरटीमुळं हलला न्हाय. डॉक्टर म्हणाले हात तुरटीत घालू नको, मग परत या."

"मग कापड कुणी बुडवायचं?"

"तानाबाईला सांगा की."

"तानाबाई काटा हलल्यावर. माझा शब्द तोच हाय."

"पण हात तुरटीत असला तर काटा हलणारच न्हाय."

"मी कुठं न्हाय म्हणतोय? दसरा होऊ दे. महाराजांच्या स्वारीचे पटके अंगावर हायती. मग ठेव हात कोरडा."

"कोरडा न्हाय, फुफा. कोरडा हाय म्हणूनच..." विश्रांती मिळवायला दुखणं सिद्ध करायचं आणि दुखणं सिद्ध करायला आधी विश्रांती घ्यायची. हे ती त्यांना कितीदा सांगणार होती?

रात्री गौसला म्हणाली, "तुम्हाला तरी पटतंय का?"

"मला ठाऊकच हाय तुझी दुखतीया."

"मग सांगा की त्यांना."

"मी काय सांगू? यंत्र न्हाय म्हणालं, तितं माझं कोण ऐकणार?" आणि त्यानं कूस बदलली. तिला वाटलं, नसतं पटलं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी चाँदबी कोमट तेल घेऊन आली आणि न विचारता तिच्या कमरेला चोळू लागली. अंगठा नेमका कळेच्या जागी टेकला.

"फुफी, तुम्हाला कशी सापडली जागा?"

"माझीबी हितंच दुखायची. तवा यंत्र नव्हतं, बरं हुतं. दुखतंय का म्हणून कुणी इचारायचंच न्हाय."

"मग काल बाहेर का न्हाय सांगितलंत नीट?"

चाँदबी चोळत राहिली. "सांगाय लागले हुते की," एवढंच म्हणाली आणि वाटी घेऊन उठली.

मेहमुदा उठून तुरटीच्या पिंपाशी गेली. पटके भिजत पडले होते, दुपारपर्यंत घाटावर जायला हवे होते. बाही सावरून तिनं हात पाण्यात घातला. शेजारी जरीना बाही वर सारून उभी होती आणि तिचे हातही मनगटापर्यंत पाण्यात गेले होते.

"काढ. काढ बघू हात."

"तुला मदत करतीया."

मेहमुदानं तिचे दोन्ही हात पाण्यातून काढले, पदरानं पुसले, एकेक बोट वेगळं करून पुसलं. मऊ होते; तळव्यांना अजून ओल होती. ते हात तिनं गालाला लावून धरले.

जरीना आईच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "अम्मा, माझी कंबर कधीपासून दुखणार?"