पानामागचे काळे ठिपके

सफाईत माझा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही, आणि हे मी स्वतःच दिवसातून दोनदा सगळ्यांना ऐकवायचे. आमची दोन पॉलीहाऊस, दोन्हींत टोमॅटो. खालची जुनी पानं खुडणं हे थोरली सून म्हणून माझं काम. खुडलेलं पान मी जमिनीवर राहू देत नसे. टोपलीत भरायचं, मागच्या पिंपात जाळायचं आणि हात धुऊन मोकळं व्हायचं.

धाकटी जाऊ आली ती कीटकांचं शिक्षण घेऊन. आम्ही ज्यांना मारत होतो, त्यांची तिला घराण्यासकट माहिती. पांढऱ्या माशीवर दर मंगळवारी औषध मारायचे ते भाऊजी, म्हणजे तिचा नवरा. गेल्या हंगामात पाठीवर पंप असतानाच ते दोन रांगांच्या मध्ये कोसळले. तीन दिवस दवाखान्यात होते. तेव्हापासून त्यांच्या हातांना बारीक कंप आहे, चहाचा कप ते अर्धाच भरून घेतात. दुसरा माणूस ठेवायला मात्र मामंजी तयार नव्हते. परक्याच्या हाती औषध द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

धाकटीने मामंजींकडे एक पॉलीहाऊस मागितलं. "इथे औषध नको. मी गांधीलमाश्या सोडते. टाचणीच्या टोकाएवढ्या असतात, चावत नाहीत. पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालतात, मग त्यांचं पिल्लू तिला आतून खातं."

"दोन महिने," मामंजी म्हणाले. "माशी आटोक्यात आली तर दोन्हीकडचा पंप बंद. नाही आली तर पंप सुरू, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी नाक मुरडलं. "सगळ्या माश्या मरतील का गं?"

"नाही ताई. थोड्या राहिल्याच पाहिजेत. सगळ्या संपल्या तर गांधीलमाश्या जगतील कशावर? त्या उपाशी मेल्या की बाहेरून येणाऱ्या माशीला रान मोकळं."

थोडी घाण राहिलीच पाहिजे, हे काही माझ्या पचनी पडलं नाही. वर ती म्हणाली, "आणि खुडलेली पानं दोन आठवडे रांगेतच राहू द्या हं." मी तोंडदेखलं हो म्हटलं. मनात म्हटलं, काल आलेली पोर आता मला पानं खुडायला शिकवणार!

तिसऱ्या आठवड्यात पानांमागे काळे ठिपके दिसू लागले. मला वाटलं, रोग पडला. मग काय, ठिपकेवाली पानं मी निवडून निवडून खुडली, तीही भल्या सकाळी, धाकटी यायच्या आत. टोपल्याच्या टोपल्या जाळल्या. वर स्वतःचंच कौतुक, की बघा, मी धाकटीची अब्रू झाकतेय.

एक दिवस ती भिंग घेऊन आली आणि एक पान माझ्यासमोर धरलं. "ताई, इथे बघा." काळ्या ठिपक्याला बारीक भोक पडलं होतं. त्यातून इवलीशी पिवळ्या पोटाची माशी बाहेर आली आणि पुढच्या पायांनी तोंड पुसत बसली.

"ठिपका म्हणजे पांढऱ्या माशीचं पिल्लू. ते काळं पडलं म्हणजे संपलं, आणि आत आपलं माणूस वाढतंय," धाकटी म्हणाली.

मागे पिंपातून अजून धूर येत होता. मी "छान आहे" म्हटलं आणि टोपली उचलून निघाले.

त्या दिवसापासून पानं रांगेत ठेवू लागले, पण तोंड उघडलं नाही. सफाईवाल्या थोरलीने घाण केली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता महिना गेला. तोवर झाड हलवलं की पीठ उधळल्यासारखी पांढरी माशी उठायला लागली होती.

मुदत संपली तेव्हा मामंजी रांगांतून फिरले. "झालं तुमचं शास्त्र?"

"अजून एक महिना द्या, मामंजी. मध्यंतरी गांधीलमाश्या कमी पडल्या."

"का कमी पडल्या?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून बुटावरची माती झटकू लागले. नव्हतीच तिथे फारशी माती.

"कारण सांगता येत नाही, आणि म्हणे महिना हवा," मामंजी म्हणाले.

मंगळवारी भाऊजींनी पंप पाठीवर घेतला. पट्ट्याचा चाप त्यांना लागेना, तो धाकटीने लावून दिला. दोन तासांनी ते बाहेर आले, नळापाशी बसले आणि ओकले. ती त्यांचं कपाळ धरून उभी होती. तेव्हा कुठे माझी जीभ सुटली.

"ती पानं मीच जाळली गं. काळ्या ठिपक्यांची. सगळी."

"माहीत आहे, ताई. मी ठिपके रोज मोजायचे. पानंच नाहीशी होत होती."

"मग मामंजींना सांगितलं का नाहीस?"

"मी तुमचं नाव घेतलं असतं तर ती चुगली झाली असती. तुम्ही सांगितलं असतं तर महिना मिळाला असता." तिने भाऊजींच्या तोंडावर पाणी मारलं. "भिंग घेऊन मी त्यासाठीच आले होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच मामंजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी ओरडायला हवंच होतं. ते म्हणाले, "जाऊ दे. वाईट हेतूने थोडंच केलंस? आणि आता औषध मारून झालंय, तिच्या गांधीलमाश्या मेल्या असतील."

मेल्याच होत्या. भिंगातून मी स्वतः पाहिल्या.

पुढच्या मंगळवारी भाऊजींच्या आधी मी पंपापाशी पोचले आणि तो पाठीवर घेतला. धाकटी आली. तिने माझ्या नाकावर फडकं बांधलं, चाप लावला, पट्टा ओढून पाहिला. "ताई, तुम्ही नका जाऊ," असं ती म्हणेल म्हणून मी दारात क्षणभर थांबले. ती म्हणाली नाही. मी त्या वाक्याची वाट पाहत होते, हे माझ्या ध्यानात आलं, आणि सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटली.