फासा खाणाऱ्याने टाकायचा

स्वयंपाकाचे नियम मी अकरा पानांत बसवले होते. लाकडं ओली असतील तर दोन गुण वजा, सुरीला धार असेल तर एक अधिक, भांडं दुसऱ्याचं असेल तर परिस्थिती पाहून. ऑफिसात मी जुन्या फायली सांभाळतो. नियम लिहायची खोड रविवारीही जात नाही.

दर रविवारी दुपारी आम्ही दंतवैद्याच्या बंद दवाखान्यात, पेशंट ताटकळतात त्या खोलीत खेळायला बसतो. खेळ सोपा आहे. मी गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि काही जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकतात. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. दंतवैद्य योद्धा होतो. आठवडाभर ‘जरासंच दुखेल’ म्हणून थकलेल्या माणसाला एक दिवस कुणालाही न सांगता मारायचं असतं. माझी बायको शाळेत गणित शिकवते, इथे ती चोर असते. आणि त्या रविवारी तिने माझ्या आत्याला ओढून आणलं होतं.

आत्या एका कारखान्याच्या कँटीनची मुख्य आचारी. सव्वीस वर्षं रोज चारशे माणसांचं जेवण. सहा महिन्यांपूर्वी तिला ताप आला, आणि जाताना तो वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आली नाही. तरी तिने एकदा घरी सूप केलं, आम्हाला बोलावलं. पहिल्या चमच्यालाच कळलं की मिठाऐवजी साखर पडली आहे. आम्ही वाडगे रिकामे केले आणि एकमुखाने म्हणालो, “छान!” मी तर पुन्हा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी साखरेचा डबा निम्मा दिसल्यावर तिला उलगडा झाला. त्यानंतर तिने पळी हातात धरली नाही.

कँटीनने जागा अडवून ठेवली होती. येणार की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. म्हणजे उद्या.

“तुझं पात्र काय, आत्या?” मी विचारलं.

“मला काय येतं दुसरं? आचारीणच लिही.”

गोष्टीत पूल होता आणि पुलावर राक्षस. त्याला जेवू घातलं तर तो वाट देणार. मी मुद्दामच तसं रचलं होतं. आत्याने फासा टाकला. तीन आले.

मी अकरा पानं चाळली. “सूप करपलं.”

“काय झालं?”

“करपलं. तीन म्हणजे करपलं.”

“अरे, सूप आधी आटतं, मग लागतं, मग करपतं. तेवढा वेळ मी काय करत होते?”

“तुझं लक्ष नव्हतं.”

“माझं?”

कोपऱ्यातल्या फिशटँकमधला मासाही थांबल्यासारखा वाटला. दंतवैद्याने घाईघाईने तलवार उपसली. “जाऊ द्या आत्या, मी राक्षसाला उभा चिरतो.”

“तुम्ही बसा हो डॉक्टर. जेवायला बोलावलंय त्याला.” मग तिने आपल्या पात्राचा कागद हळूच माझ्याकडे सरकवला. “पण तुझं बरोबर आहे म्हणा. सूप कसं झालं ते फाशाला कळणार. मला कुठे कळतंय?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांच्या संसारात या नजरेचे मला तीनच प्रकार माहीत होते. हा चौथा होता.

मी नियम बदलायला पेन्सिल काढली. “आपण असं करू, तू मुरलेली आचारीण, तर फासाच नको. तू केलंस म्हणजे छानच झालं.”

“छान!” आत्या म्हणाली. तो शब्द तिने असा उच्चारला की माझी पेन्सिल खाली ठेवली गेली. “सहा महिने तेच ऐकतेय. साखर घातली तरी छान. उद्या साबण उकळून दिला तरी तू वाडगा पुसून घेशील.”

भिंतीवरच्या चित्रातली भलीमोठी दाढ तेवढी हसत होती.

आत्या पर्स उचलून उठली. दारापर्यंत गेली, थांबली, वळली.

“ए, तो राक्षस भिडस्त आहे का रे?”

“राक्षस? नाही. उद्धट आहे. तसं लिहिलंय.”

“मग फासा मी का टाकते? सूप मी केलं, खाणार तो. त्याला टाकू दे.”

अकरा पानांत हे कुठेच नव्हतं. राक्षस मीच होतो, म्हणून फासा मी टाकला. सहा.

“राक्षस म्हणतो, अळणी आहे.”

“हं.” ती परत खुर्चीत बसली. “चिमूटभर मीठ घातलं. ढवळलं. टाक.”

नऊ. “म्हणतो, मीठ ठीक आहे, पण पाणचट.”

“झाकण काढून आटू देते. तोवर त्याला म्हणावं पुलावर एक चक्कर मार. टाक आता.”

बारा. “म्हणतो, आता तिखट जास्त झालं.”

“कुठे लागतं? जिभेच्या टोकाला की घशात?”

मला काय माहीत! मी दंतवैद्याकडे पाहिलं. त्याने तलवार ठेवली, चष्मा लावला आणि म्हणाला, “घशात असेल तर उशिरा घातलेली मिरी असणार, नाही का आत्या?”

“बघा, यांना कळतं! डॉक्टर, तुम्ही चुकीच्या खोलीत बसता. दोन बटाटे टाकले, तिखट ओढून घेतील. टाक रे.”

पाऊण तास कुणी कुणाला मारलं नाही. सातव्या फाशाला अठरा आले. राक्षसाने वाडगा चाटला, आणखी मागितलं आणि वाट सोडली. बायको म्हणाली की तिने तोवर राक्षसाच्या खिशातली पुलाची किल्लीही मारली होती. ती कुणाला नको होती.

“चांगला आहे तुझा राक्षस,” निघताना आत्या म्हणाली. “तोंडावर सांगतो.”

संध्याकाळी सहाला आमची बेल वाजली. दारात आत्या, हातात फडक्यात गुंडाळलेलं पातेलं आणि चमचा. आत यायलाही ती तयार नव्हती.

“आ कर, राक्षसा.”

मी आ केला. सूप गरम होतं. आत्याचं लक्ष पातेल्याकडे नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं. जिभेवर ‘छान’ येऊन उभंच होतं. सहा महिने ते तिथेच राहायला होतं. पाठीमागे बायको उभी होती. ‘मीठ कमी आहे’ हे वाक्य या घरात मी एकोणीस वर्षांत उच्चारलेलं नव्हतं.

“मीठ कमी आहे,” मी म्हणालो. “आणि जरा पातळ.”

“किती कमी?”

“अर्धा चमचा.”

ती सरळ स्वयंपाकघरात शिरली, पातेलं गॅसवर ठेवलं, मीठ घातलं, ढवळलं, थांबली, पुन्हा चमचा पुढे केला. मी आणखी एकदा तोंड वाकडं केलं. तिसऱ्यांदा मान डोलावली. तिने माझा चेहरा बराच वेळ निरखला, मग बायकोकडे वळली.

“खरं बोलतोय का हा?”

बायकोने चमचा घेऊन चाखलं. “हो. आणि मला आत्ता कळलं, याला चव कळते म्हणून.”

आत्याने गॅस बंद केला. “कँटीनमध्ये भांडी घासते ना, ती बाई मॅनेजरलाही तोंडावर बोलते. तिला शेजारी उभी करते. उद्या फोन करताना आधी तेच सांगते, जमत असेल तरच येते म्हणून.”

सूप आमच्याकडेच ठेवून ती गेली. चमचा मात्र पर्समध्ये टाकून नेला.

जेवताना बायकोने भाजी वाढली आणि हात टेबलावर ठेवून बसली.

“हं,” ती म्हणाली. “आता याचं सांग.”