पहिल्या पाच सुपाऱ्या

सत्त्याऐंशी साली रत्नागिरीतल्या त्या शाळेत एक कॉम्प्युटर आला आणि मुंबईच्या तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला कोणी जाईना. तेव्हा हेडमास्तरांनी घरी वाट बघणारं कुणी नसलेला माणूस शोधला. गणिताच्या आत्माराम सरांची बायको गोदा मागच्याच दिवाळीत गेली होती, मुलगा दादू दुबईला. सर गेले, शिकून आले. आता त्या यंत्राविषयी दोन शब्द बोलायला उभ्या गावात दुसरं माणूस नव्हतं.

पोरांना त्यांनी डालड्याच्या डब्यावर शिकवलं. डब्यावर खडूने A लिहिलं, आत पाच सुपाऱ्या टाकल्या. "आता याच A मध्ये सात," म्हणाले आणि डबा खिडकीबाहेर उलटा करून सात टाकल्या.

मिरकरवाड्याची राही उठली. "सर, पैल्या पाच कुठं गेल्या?"

"इथल्या शिपायाच्या तोंडात." वर्ग खिदळला. "पण कॉम्प्युटरात कुठंच जात नाहीत. नवं ठेवलं की जुनं नसतं. तो तुम्हाला विचारत बसत नाही."

दादूने पाठवलेला टेपरेकॉर्डर सर दिवसा शाळेत नेऊन यंत्राला जोडायचे, त्यातल्या कॅसेटवर प्रोग्रॅम उतरवून ठेवायचे; संध्याकाळी तो घरी असायचा. गोदाने दादूसाठी एक कॅसेट बोलून ठेवली होती, दोन्ही बाजू काठोकाठ. आंबोशी किती वाळली, शेजारच्या चंपाचं लग्न कसं मोडलं, एकदा तोंड उघडलं की तिला थांबणं ठाऊक नव्हतं. टाकतो पोस्टात म्हणेपर्यंत ती गेली आणि सरांनी कॅसेट पाठवलीच नाही. सरळ सांगायचं तर मुलाची वस्तू बापाने दाबून ठेवली. अख्ख्या कॅसेटमध्ये सरांच्या वाट्याचं एकच बोलणं होतं, अगदी सुरुवातीचं, "अवो, ता लाल बटाण दाबलाव काय? बोलू मी?" रोज ऐकून झालं की सर कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावून ठेवत.

ऑगस्टात चिपळूणला कॉम्प्युटरची स्पर्धा ठरली. राहीने भरतीची वेळ सांगणारा प्रोग्रॅम लिहिला. तिचे मासेमार वडील करतात तसंच, तिथीची पाऊणपट. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी नवमी घातली तर यंत्र म्हणालं, सहा वाजून पंच्याहत्तर मिनिटं. "असलं घड्याळ तुझ्या बापाकडं तरी आहे का गो?" सर म्हणाले. तीन तास खपून तिने चूक काढली, पावणेसात आले. तेवढ्यात बाहेर वारा सुटला आणि दिवा मिचमिचायला लागला. वीज गेली की यंत्राच्या डोक्यातलं सगळं जाणार होतं, आणि पहाटे सहाची एसटी.

प्रोग्रॅम कॅसेटवर उतरवला तरच वाचणार होता, पण शाळेच्या कॅसेटला दमट हवेने बुरशी धरली होती, ती टेपरेकॉर्डरने चावून टाकली. टेपरेकॉर्डर सरांचा. त्यातून सकाळी काढलेली गोदाची कॅसेट पिशवीत होती.

"सर, ती कोरी हाय?"

सरांनी कॅसेट पिशवीतून काढली. कुठंतरी काहीतरी पुसावं लागणारच होतं. बाकीचं सगळं दादूचं होतं, त्यातलं एक अक्षरही घालवायचा त्यांना हक्क नव्हता. सुरुवातीचं तेवढं त्यांचं स्वतःचं.

"लाव," म्हणाले, आणि लाल बटण त्यांनीच दाबलं. प्रोग्रॅम टेपवर उतरतानाची किरकिर संपली आणि मिनिटभराने वीज गेली.

कॅसेट राहीबरोबर चिपळूणला गेली आणि तीन दिवस घर खायला उठलं. चौथ्या दिवशी राही दुसरं बक्षीस आणि कॅसेट घेऊन आली. "सर, तुमच्यामुळं," म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. सरांनी तिच्या हातावर साखर ठेवली. ती गेल्यावर दार लावून कॅसेट लावली.

आधी राहीच्या प्रोग्रॅमची कर्कश किरकिर, मोजून दहा सेकंद. मग अर्ध्या वाक्यात गोदा, "...आनि दादू, जेवतोस ना रं येळेवर?"

सरांनी कॅसेट थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. पुन्हा किरकिर, पुन्हा दादू. तिसऱ्यांदाही तेच. त्यांना रडू आलं, आणि ते रडले. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसून त्यांनी दादूचा पत्ता पाकिटावर नीट लिहिला. कॅसेट आत घालण्याआधी शेवटची एकदा लावली आणि किरकिर चालू असतानाच, रिकाम्या माजघरात, मोठ्याने म्हणाले, "दाबलंय गो. बोल तू."