चाके उंबऱ्याबाहेर

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुंबई विमानतळाच्या काउंटरवर, सामान मापायच्या लोखंडी चौकटीत मी अडकले. तीन बोटे भाग बाहेर राहिला.

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांची कॅमेरा बॅग आहे. मला ओढता येते, पाठीवरही घेता येते. नऊ वर्षांपूर्वी उल्हासनगरात चंदर नावाच्या कारागिराने मला शिवले, ते लग्नांचे फोटो काढणाऱ्या महेंद्रभाऊंसाठी. त्याने माझ्या अस्तरावर शाईने माप लिहिले : उंची पंचावन्न सेंटीमीटर.

"चाकं नाही धरली?" भाऊंनी विचारले.

"भाऊ, माणसाची उंची चपला घालून मोजतात काय?"

दोघे हसले आणि विषय तिथेच संपला.

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत बहुतेक हॉल मी पाहिले. मांडवातला चिखल, सांडलेला रस्सा, तुडवलेली फुले, सगळे माझ्या चाकांना लागे. पालेगावच्या घरी परतलो की भाऊंच्या पत्नी द्रौपदीताई दारातच हात आडवा धरत. "ती चाकं आत नाही यायची. चपलांपाशी ठेवा." शेवटी चंदरने चाकांची पट्टी दोन स्क्रूंवर बसवून दिली. रुपयाचे नाणे खाचेत घालून फिरवले की ती सुटे. चाके बाहेर, मी आत, अशी पाच वर्षे गेली. मग भाऊंचे गुडघे गेले आणि मी माळ्यावर गेले. चार वर्षे माझी चेन कोणी उघडली नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीला, अस्मिताला, उदयपूरच्या एका लग्नाचे काम मिळाले. पहिलेच मोठे काम आणि पहिलाच विमानप्रवास. विमानात आपल्याजवळ ठेवायच्या बॅगेला सात किलोंची आणि पंचावन्न सेंटीमीटर उंचीची मर्यादा. नवी बॅग बघायला ती उल्हासनगरला निघाली, तेव्हा तुलनेसाठी मलाही घेतले. दुकानदार धर्मेशने एक काळी चकचकीत बॅग पुढे केली.

"मॅडम, एकदम एअरपोर्टवाला माल. आँख बंद करून घ्या."

अस्मिताने डोळे उघडे ठेवून ती रिकामीच काट्यावर ठेवली. चार किलो दोनशे. मग मला ठेवले. दोन किलो शंभर.

"हिच्यात निम्म्याहून जास्त वजन बॅगेचंच. कॅमेरे काय खिशात घालू?"

तिने मला घरी आणून पुसले, अस्तरावरचे माप वाचले आणि टेप लावलीच नाही.

म्हणून मी अडकले. वजन बरोबर होते, सहा किलो आठशे.

"मॅडम, ही खालच्या सामानात द्यावी लागेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

माझ्या पोटात दोन कॅमेरे, तीन लेन्स आणि आठ बॅटऱ्या होत्या. बॅटऱ्या खाली चालत नाहीत. आणि खाली आपटून लेन्स फुटली, तर दुपारी तीनच्या हळदीला ती कशाने फोटो काढणार? अस्मिताने घरी फोन लावला.

"आई, बाबांना दे ना. बॅग बसत नाहीये, चाकं बाहेर राहतायत."

"बाबांना कशाला? काढ की चाकं! घरात येताना काढायचो तशी."

"ती सुटतात अजून?"

"तुझ्या बापाने परवाच तेल घातलंय. म्हटलं कशाला, तर म्हणाला, सवय."

पण नाणे? अस्मिताचे सगळे पैसे फोनमध्ये. रांगेतल्या एका आजींनी बटव्यातून रुपया काढला. "घे बाई. आणि परत दे हां, शकुनाचा आहे."

पहिला स्क्रू लगेच फिरला. दुसरा अडला, कुरकुरला आणि निघाला. मी चौकटीत अलगद उतरले. अस्मिताने रुपया परत दिला आणि तिथेच, रांग थांबवून, मोठा श्वास सोडला. खालच्या सामानात द्यायची तिची ट्रायपॉडची लाल सूटकेस अजून काउंटरच्या पट्ट्यावरच होती. चाके तिच्यात गेली, मी पाठीवर गेले. विमानात मी तिच्या डोक्यावरच्या कप्प्यात होते. माळ्यावरच्या चार वर्षांनंतर तो कप्पा मला फार आवडला.

मित्रांनो, बॅग निवडताना आधी ती रिकामी तोला, मग चाकांसकट मोजा. आणि जुनी वस्तू माळ्यावर टाकलीत, तरी वर्षातून एकदा तिच्या स्क्रूंना तेलाचा थेंब द्या. ती कधी उपयोगी पडेल, ते तिलाही ठाऊक नसते.

आता दहा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. उदयपूरला सामानाचा पट्टा फिरतो आहे आणि मी अस्मिताच्या पाठीवर आहे. लाल सूटकेस अजून आलेली नाही.