विसावा

अंगदने तिसरं वाक्यही खोडलं आणि कागद परत साहेबांपुढे सरकवला. 'कामावरून कमी करण्यात येत आहे' हे मॅनेजर शौनकसाहेबांना पटलं नव्हतं. त्याआधी 'कपात' गेली होती, कारण ती वर्तमानपत्रात शोभते. 'काम तात्पुरतं बंद' गेलं, कारण त्यात कंपनीच बुडाल्यासारखी वाटते. ले-ऑफ तर साहेब तोंडातूनच काढत नव्हते. बायामाणसं आहेत, अठरा-वीस वर्षं काम केलंय त्यांनी, शब्द कसा मायेचा हवा, असं ते पुन्हा म्हणाले.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या या बियाण्याच्या कंपनीत बायका कपाशीचं बी हाताने निवडत. फुटकं, किडकं, काळपट बी बाजूला काढत. गेल्या महिन्यात रंगावरून बी निवडणारं मशीन आलं आणि बावीस जणींचं काम ते एकटं करू लागलं. तेव्हा या बावीस जणींना आता घरी पाठवायचं होतं, आणि पाठवलं असं मात्र म्हणायचं नव्हतं.

बायकांकडे या गोष्टीला चांगले शब्द होते. आपण गेलो नाही तर 'खाडा'. मालकानेच येऊ नको म्हटलं तर 'बसवलं'. पुन्हा कधीच बोलावलं नाही तर 'काढलं'. कोणी कोणाला काय केलं ते त्यात लगेच कळायचं, आणि साहेबांची नेमकी तीच अडचण होती.

अंगद त्या विभागाचा सुपरवायझर. सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर एक तारखेला त्याचं पर्मनंटचं पत्र निघणार होतं. बावीस जणींत त्याची आईही होती. पुष्पाबाई एकोणीस वर्षं त्या टेबलाशी उभी होती आणि तिनेच आधीच्या मॅनेजरच्या हातापाया पडून पोराला इथे चिकटवलं होतं.

"विसावा," शौनकसाहेब एकदम म्हणाले. "विसावा योजना. बघा, किती गोड शब्द आहे."

साहेबांचे आजोबा जालन्याचे, पण ते स्वतः पुण्यात वाढलेले. पुण्यात विसावा नावाचे बंगले असतात, हायवेवर विसावा नावाची हॉटेलं असतात, तिथे थालीपीठ मिळतं. अंगदच्या गावात विसावा एकच होता. वेशीबाहेर, ओढ्याच्या अलीकडे, दगडाचा एक ओटा. मसणवाट्यात नेताना तिरडी तिथे घटकाभर टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात आणि पुढे निघतात. पंचक्रोशीत दुसऱ्या कशालाही कोणी इसावा म्हणत नाही.

हे सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण सकाळपासून अंगदने साहेबांना तीन शब्द सुचवले होते आणि तिन्ही पडले होते. चौथा साहेबांचा स्वतःचा होता. एक तारखेला आठ दिवस उरले होते. अंगद भ्यायला, दुसरं काही नाही.

"चांगला आहे, साहेब," तो म्हणाला.

मग अर्ज भराभर झाला. 'मी स्वखुशीने विसावा घेत आहे.' देत आहे नाही, घेत आहे. बाईने स्वतःच्या हाताने सही केली की तिला कोणी काढलेलं नव्हतं. उद्या ती कामगार ऑफिसात गेली तरी हा कागद तिच्या आधी तिथे पोचणार होता. तो प्रिंटरमधून निघत असताना साहेबांनी अंगदच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिली सही तुमच्या आईंची होऊ द्या, बाकीच्या आपोआप मागे येतील, असं सांगितलं.

जेवणाची सुटी संपल्यावर शेडमध्ये अंगदने अर्ज वाचून दाखवला. साहेब शेजारी हात बांधून उभे होते. तो शब्द आला तशा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने तोंडाला पदर लावला. सत्यशीला मात्र पहिल्यापासून तिखट जिभेची.

"इसाव्यावर टेकवलेलं माघारी आल्तं का कव्हा, साहेब?" तिने विचारलं.

दोघी-तिघी हसल्या. ते हसू काही बरं नव्हतं. साहेबही सौजन्याने हसले आणि अंगदकडे वाकून, काय म्हणतात त्या, असं विचारू लागले.

"परत कधी यायचं, ते विचारून राह्यली," अंगद म्हणाला.

"लवकरच!" साहेबांनी खणखणीत आवाजात सगळ्यांना सांगितलं. "अगदी लवकरच."

त्यानंतर कोणीच हसलं नाही. टेबलावर बावीस अर्ज आणि एक पेन होतं, आणि पुढे कोणी येईना. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग अंगदकडे पाहिलं. अंगदने आईकडे पाहिलं. तिला बोलवायचं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण ती स्वतःच पुढे आली. तिने अर्ज उचलून डोळ्यांपासून लांब धरला. अक्षर लावून वाचण्याइतपत तिला येत होतं.

"घेत आहे," ती म्हणाली. "म्या घेऊन राह्यले का हे देऊन राह्यलेत?"

"तसंच लिहितेत, माय."

"तुझं पत्र कव्हा हे?"

"एक तारखेला."

पुष्पाबाईने अर्ज टेबलावर ठेवला, नीट सरळ केला आणि पूर्ण नावाने सही केली. मग एकेक जण आली. सत्यशीलाने सगळ्यात शेवटी केली आणि पेन टेबलावर टाकून दिलं. साहेबांनी अंगदला केबिनमध्ये नेऊन चहा पाजला. किती शांतपणे झालं सगळं, दुसऱ्या कंपन्यांत केवढा तमाशा होतो, हेड ऑफिसला मी तुमचं नाव मुद्दाम कळवणार आहे, असं ते म्हणाले. अंगदने चहा संपवला. त्याला स्वतःची किळस आली, आणि नाव कळवणार याचं बरंही वाटलं.

साडेपाचला बायका गेटबाहेर अंबड चौफुलीकडे जाणाऱ्या रिक्षाची वाट पाहत उभ्या होत्या. अंगद गाडी ढकलत आईजवळ आला. सोडतो म्हणाला. तिने मान हलवली. रोजच्या रिक्षाने जाईन, म्हणाली.

"दिवाळीनंतर बघू म्हणले साहेब," तो म्हणाला. साहेब असं काही म्हणाले नव्हते. "मी बराबर मागं लागतो, माय. तुला राग आला का?"

"न्हाई."

रिक्षा थांबली. आतल्या बायका सरकू लागल्या. पुष्पाबाईने दांडा धरून एक पाय वर ठेवला आणि तशीच थांबली.

"तुझा बाप गेल्ता तव्हा तू मडकं धरून पुढं चालला व्हतास. वळणापर्यंत दिसला," ती म्हणाली. "तिथून पुढं बायकांला येऊ देत न्हाईत. इसावा म्या कव्हा पाह्यलाच नव्हता. आज पाह्यला."

मग ती आत बसली, आणि सत्यशीलाने तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.